कुंभाराचं गाढव आणि बासचा नॉब



पत्रिकेवर माझ्या नावाखाली ‘तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक’ असं छापलंय आणि त्याच्याखाली विषय आहे, ‘बास गिटारचे नॉब’. मघाशी बाहेर चहा घेताना एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “सर, प्रेसवाल्यांनी दोन कार्यक्रमांच्या पत्रिका एकत्र केल्यात का?” (हशा.) नाही. विषय माझाच आहे, आणि तो मी प्रायश्चित्त म्हणून घेतलाय. कशाचं, ते आधी सांगतो.

माझा भाचा बास गिटार वाजवतो. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात नवरात्र, हळदी, साखरपुडे, शाळा-कॉलेजांची गॅदरिंग असे कार्यक्रम करणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात तो आहे. दिवसा नोकरी, रात्री बास. गेल्या नवरात्रात मी त्याचा कार्यक्रम ऐकायला गेलो होतो. सुरू व्हायच्या आधी हा मुलगा स्टेजच्या कोपऱ्यात उभा राहून काय करत होता? वाद्यावर तीन नॉब असतात. ते त्याने एकेक करून शून्यापासून शेवटपर्यंत फिरवले. प्रत्येक नॉब तीनदा. मग पहिला पूर्ण उघडा ठेवला. दुसरा पूर्ण उघडून केसभर मागे घेतला. तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेला होता. आणि तिसऱ्यावर चिकटपट्टी, तो हलूच नये म्हणून. मी शेजारच्या मित्रांना जरा मोठ्यानंच म्हणालो, “बघा, इलेक्ट्रॉनिक अंधश्रद्धा!” मंडळी हसली. त्यालाही ते ऐकू गेलं.

दोन दिवसांनी तो घरी आला. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि उठता उठता म्हणाला, “मामा, मामी तानपुरा लावायला बसायची तेव्हा तुम्ही पंखा बंद करायचात. आम्हा पोरांना बाहेर पिटाळायचात. मी नॉब लावला तर अंधश्रद्धा?”

मी काहीतरी पुटपुटलो. पण उत्तर नव्हतं. सगळी नोकरी तर्कशास्त्र शिकवण्यात गेली आणि घरच्या मुलाच्या एका प्रश्नाला उत्तर देता येईना. तेव्हापासून मी या नॉबांच्या मागे लागलोय.

आता वाद्याबद्दल थोडं, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बास गिटार पाहिली असेल, पण ऐकली असेलच असं नाही. ती गाण्याच्या तळाशी असते. चार जाड तारा; सर्वात खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर या गृहस्थानं १९५१ साली ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला, त्याला दोनच नॉब होते. एक आवाजाचा, एक टोनचा. १९६० साली ‘जॅझ बास’ आला. त्यात तारांखाली दोन पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारी चुंबकं आणि तारेची वेटोळी. आधी एकावर एक असे दुमजली नॉब होते, थोड्याच काळात ते तीन झाले: दोन पिकअपचे दोन आवाज आणि दोघांचा मिळून एक टोन. भाच्याचा बास याच धाटणीचा आहे, सेकंडहँड घेतलेला.

टोनच्या नॉबबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. लोकांना वाटतं, तो खाली फिरवला की खर्ज वाढतो. वाढत नाही. साध्या, बॅटरी नसलेल्या बासमध्ये हा नॉब काहीच वाढवू शकत नाही. एका छोट्या कपॅसिटरमधून वरचे उपस्वर तो वाहून जाऊ देतो, एवढंच. वरचं गेल्यामुळे खालचं जास्त वाटतं. आमच्या विभागात एक सहकारी होते, त्यांचीही विद्वत्ता अशीच होती, पण ते असो. (हशा.)

मग मी आणि भाच्याने एक रविवार या कामाला दिला. त्याच्या तीन सवयी, तीन खटले.

पहिली सवय, तीनदा फिरवण्याची. मला हीच सर्वात हास्यास्पद वाटली होती, आणि पहिल्याच फेरीत मी हरलो. नॉबच्या आत कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावर सरकणारा एक पत्रा. पनवेलच्या दमट हवेत, धुळीत, मांडवातल्या धुरात त्यावर मळ बसतो. तुमच्यातल्या ज्यांच्या घरी मर्फीचा रेडिओ होता त्यांना ती खरखर आठवत असेल. बटण दोन-चारदा पुढेमागे केलं की थांबायची. तेच हे. कार्यक्रमात गाणं रंगात आलं असताना नॉबला हात लागला आणि स्पीकरमधून खरखर आली तर अब्रू जाते, म्हणून तो आधीच फिरवून घेतो. मग मी विचारलं, तीनदाच का? त्याने एकदाच फिरवून पाहिलं. खरखर एका फेरीतही गेली. तरी तो अजून तीनदाच फिरवतो.

दुसरी सवय, ठिपक्याची. इथे आम्ही परीक्षा केली. तो डोळे मिटून वाजवणार. मी नॉबला हात लावणार, कधी खरोखर फिरवणार, कधी फिरवल्याचं नुसतं नाटक करणार. त्याने सांगायचं, बदललं की नाही. जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचं उत्तर बरोबर आलं. मला तर फरक ऐकूच येत नव्हता. त्याने सांगितल्यावर, मान वाकडी करून ऐकल्यावर, दहाव्या-बाराव्या वेळी थोडा यायला लागला. त्याचं कारणही सापडलं. दोन पिकअप एकाच तारेला दोन वेगळ्या जागी ऐकतात. काही उपस्वर एका जागी वर असतात तेव्हा दुसऱ्या जागी खाली असतात. दोन्ही पिकअप सारखेच उघडे असले की ते एकमेकांना खोडून काढतात आणि आवाज मध्यभागी पोकळ होतो. एक जरासा मागे घेतला की खोडणं अपुरं राहतं, मधला भाग परत येतो. याची किंमतही मोजावी लागते. दोन्ही पूर्ण उघडे असताना मेन्स विजेची गुणगुणही अशीच एकमेकांत खोडली जाते. एक मागे घेतला की ती थोडी डोकं वर काढते. म्हणजे हा मुलगा त्या केसभर अंतरात एक सौदा करत होता: इतकी गुणगुण सोसायची, इतका मधला आवाज मिळवायचा. आणि मी मित्रांना हसवत होतो.

तिसरी सवय, चिकटपट्टीची. पूर्ण उघड्या टोनपासून थोडं अलीकडे त्याने तो नॉब कायमचा बांधून ठेवलाय. त्याचं म्हणणं, तिथे आवाज ‘गोल’ होतो. परीक्षेत मात्र नाणं उडवल्यासारखी उत्तरं आली. निम्मी बरोबर, निम्मी चूक. बहुतेक वाद्यांत या नॉबचा ठळक परिणाम बंद होण्याच्या बाजूला होतो, उघड्या टोकाजवळ फारसं काही घडत नाही; तेव्हा यात आश्चर्य नाही. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “राहू दे मामा, पट्टी राहू दे.”

इथपर्यंत आल्यावर मला माझं शास्त्र आठवलं. न्यायदर्शनात कारण कशाला म्हणायचं याची फार कसून चर्चा आहे. कार्याच्या आधी नियमानं असणारं ते कारण, पण एवढ्यानं भागत नाही. ते ‘अन्यथासिद्ध’ नसलं पाहिजे. अन्यथासिद्ध म्हणजे आधी हजर असूनही ज्याच्यावाचून कार्याची उपपत्ती पुरी होते ते. उदाहरण मडक्याचं. कुंभार, चाक, चाक फिरवायची काठी, माती ही कारणं. पण काठीचा रंग? तो काठीबरोबर आलाच, पण मडकं त्यानं घडत नाही. कुंभाराचा बाप? तो नसता तर कुंभार नसता, तरी मडक्याचं कारण म्हणून त्याला कोणी मोजत नाही. आणि माती वाहून आणणारं गाढव. विश्वनाथ पंचाननाच्या कारिकावलीत अशा पाच प्रकारच्या अन्यथासिद्धांची मोजणी आहे आणि त्यात हे गाढव पाचवं. विद्यार्थ्यांना बाकी काही आठवलं नाही तरी गाढव आठवायचं.

आता त्या रविवारचा निकाल या भाषेत मांडून बघा. ठिपका ही काठी. नॉब एकदा फिरवणं ही काठी, तीन हा आकडा म्हणजे काठीचा रंग. आणि चिकटपट्टी हे गाढव. वर्गात मी इथेच थांबलो असतो आणि तास संपवला असता. पण ‘राहू दे’ म्हणताना त्या मुलाचा चेहरा मी पाहिला होता, आणि मला प्रश्न पडला की गाढव नेमकं कोणत्या कार्याच्या बाबतीत अन्यथासिद्ध आहे? घटाच्या बाबतीत. माती अंगणात येण्याच्या बाबतीत नव्हे! कार्य बदललं की तेच गाढव कारणांच्या रांगेत जाऊन उभं राहतं. चिकटपट्टीमुळे ध्वनी बदलत नाही हे सिद्ध झालं. पण तीन तास स्टेजवर घामेजलेल्या हातानं वाजवताना एका नॉबची काळजी डोक्यातून गेली, म्हणून बाकी दोनांकडे आणि गायिकेकडे लक्ष राहिलं, हे कार्य घेतलं तर? ते आमच्या रविवारच्या परीक्षेत मोजलंच गेलं नव्हतं.

स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९४८ चा प्रयोग काहींना ठाऊक असेल. भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे मिळायचे, त्यांनी काहीही केलं तरी. ८ पैकी ६ कबुतरांनी स्वतःच्या काही हालचाली पक्क्या करून टाकल्या. एक तर पिंजऱ्यात गोल गोल फिरायला लागलं. स्किनरनं त्याला अंधश्रद्धा म्हटलं. पुढे इतरांनी या अर्थाबद्दल शंका काढल्या, त्यात जात नाही. मला त्यातला फरक महत्त्वाचा वाटतो. कबुतराला दाणे कधी आणि का मिळाले ते तपासता येत नाही. वादकाला येतं. नॉब फिरवला की पुढच्या क्षणी आवाज कानात असतो. तो ऐकून हात बदलायला तयार असला तर ती सवय तपासणीखाली आहे. हात कानाला विचारेनासा झाला की मग गोल गोल फिरणं सुरू.

आता भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, पंख्याच्या. तो जास्त बोचरा आहे.

तानपुऱ्याची जवारी आपल्याला माहीत आहे. घोडीवर तार आणि घोडी यांच्यामध्ये एक साधा दोरा सरकवतात. तो सुईच्या अग्राएवढा हलला तरी तार बोलते किंवा मुकी होते. हे नुसतं रसिकांचं बोलणं नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास आपल्या तंतुवाद्यांवर अभ्यास केला. नियम असा, की तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो तो उपस्वर उमटू नये. तानपुऱ्यात आणि वीणेत मात्र तो उमटतो, असं त्यांना आढळलं. आणि याचं श्रेय रुंद, वक्र घोडीला, तानपुऱ्यात दोऱ्यालाही. म्हणजे दोरा ही काठी, याबद्दल वाद नाही. पण मंडळी, हे प्रकरण आणि बासचं प्रकरण एकच आहे हे तुमच्या लक्षात आलं का? तारेवरच्या जागा आणि उपस्वरांचं उमटणं-मिटणं. तिकडे दोरा केसभर, इकडे नॉब केसभर.

आणि आपण काय करतो? गायक मंचावर पंधरा-वीस मिनिटं तानपुरे लावतो, आपण त्याला साधना म्हणतो. कुमार गंधर्वांच्या तानपुऱ्यांबद्दल किती आणि किती भक्तिभावानं लिहिलं गेलंय. ते योग्यच आहे, मी ते तानपुरे ऐकलेत. मिरजेच्या कारागिरांबद्दल आपण अभिमानानं बोलतो. शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे हे लोक, फरीदसाहेबांपासून एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, पंढरपूर भागातले भोपळे आणून तानपुरे करायला लागले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सगळं छान. पण ऑर्केस्ट्रातला पोरगा दोन मिनिटं नॉब लावतो त्याला आपण नखरे म्हणतो. निवेदक माइकवरून ‘चला, चला’ करतो. आपल्या संगीतसमीक्षेनं, अशोक दा. रानडे यांच्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, या पोराच्या वाद्याकडे कान दिलेलाच नाही. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’नं आम्हाला घराणी ऐकायला शिकवलं, त्याचं ऋण मोठं आहे. पण त्या शिक्षणातून आम्ही एक चुकीची गोष्टही उचलली: कुठल्या कृतीकडे आदरानं बघायचं ते आम्ही वाद्य बघून ठरवतो. आवाजाचा त्यात संबंध नसतो. मी तेच केलं.

आणि तानपुऱ्याच्या गोटात गाढवं नाहीत असं समजू नका. गवसणी अमुक रंगाचीच हवी, तानपुरा अमक्याच बाजूला हवा असं सांगणारे मी पाहिलेत. गवसणीचा रंग म्हणजे तर शब्दशः दंडरूपच! त्याला कोणी अंधश्रद्धा म्हटलेलं मी ऐकलं नाही. वाद्याला हात लावून कपाळाला लावतात, ते यात धरत नाही. त्या नमस्कारानं स्वर चांगला लागतो असा दावा करणारा नसतो, आणि दावा नसेल तर तपासायचं काय?

डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन, मोटाउन कंपनीच्या शेकडो गाण्यांवर याचा बास आहे, १९८३ साली गेला. त्याच्याबद्दल सांगतात की तो नॉब सगळे पूर्ण उघडे ठेवायचा आणि तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही. हे ऐकून आमच्याकडचे काही म्हणतील, बघा, मोठा कलावंत नॉबांच्या नादी लागत नाही. पण जुन्या, मळलेल्या, सपाट गुंडाळीच्या तारा मुळातच वरचे उपस्वर कमी देतात, शिवाय त्याच्या घोडीच्या झाकणाखाली फोम होता. त्याचा टोन तारेत बसवलेला होता, मग नॉबला काम उरलं नाही. तार न बदलणं हीच त्याची सवय, आणि ती चांगलीच हट्टी होती.

एक वेगळा नॉबही आहे, त्याबद्दल बोललं पाहिजे. साउंडवाल्यांच्या धंद्यात एक जुनी युक्ती सांगतात. कलाकार फारच हट्टाला पेटला की मिक्सरवरचं कशालाही न जोडलेलं एक बटण फिरवायचं आणि विचारायचं, आता बरं वाटतं ना? आणि त्याला बरं वाटतं! विट्गेन्स्टाइनच्या १९५३ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशाच एका नॉबचा दाखला आहे: यंत्राचा भाग असावा असा दिसतो, पण आत कशालाच जोडलेला नाही, नुसता दागिना. मी हा परिच्छेद वर्षानुवर्षं शिकवला आणि दर वेळी त्या दागिन्याची टिंगल केली. आता मला वाटतं, यंत्राला न जोडलेला नॉब माणसाला जोडलेला असू शकतो. भाच्याची चिकटपट्टी तशी आहे. पण तिथे नॉब त्याच्या स्वतःच्या हातात आहे, आणि त्याचा उपयोग काय हे आता त्याला माहीत आहे. साउंडवाल्याच्या युक्तीत कलाकाराचा कान खोटा पाडला जातो. एका मांडवात, नाव घेत नाही, मी स्वतः पाहिलं: भाच्याने ठिपक्यावर नॉब लावला आणि तिकडे मिक्सरवर बासचा मधला भाग पुरता कापून नुसती धमधम ठेवलेली. खुर्चीखाली जमीन हादरत होती आणि सूर एकही कळत नव्हता. चार तास तो मुलगा बेसूर वाजवता तरी कुणाला पत्ता लागला नसता. त्या रात्री त्याच्या दुसऱ्या सवयीचंही आपण गाढव करून टाकलं. आपण म्हणजे श्रोत्यांनीही. आपल्याला छातीत धडधडलं की पैसे वसूल वाटतात.

शेवटी घरातली एक गोष्ट, आणि मग थांबतो.

आमच्या घरी मिरजेचा तानपुरा आहे. पत्नीचा. ती गेल्यावर काही महिन्यांनी मी तो गवसणीतून काढला. घोडीवर प्रत्येक तारेखाली पेन्सिलीची एक बारीक रेघ दिसली, दोरा कुठे ठेवायचा त्याची. तिनेच ओढलेली. मला फार आनंद झाला. म्हटलं, तिनं सोय करून ठेवलीय. दोरे बरोबर रेघांवर बसवले, खुंट्या फिरवल्या, मोबाइलवर सूर जुळवला. हिरवा दिवा लागला. आणि तारा मुक्या. खर्ज तर लाकडावर टिचकी मारल्यासारखा. अर्धा तास मी दोरा त्या रेघेवरून हलवलाच नाही, कारण रेघ तिची होती.

भाच्याला बोलावलं. त्याने रेघेकडे पाहिलंसुद्धा नाही. कान भोपळ्याजवळ नेला आणि दोरा इकडे-तिकडे करत बसला. खर्जाची तार थोडी बोलली, बाकीच्या नाही. म्हणाला, “मामा, घोडीवर तारांच्या खाचा पडल्यात. घासून जवारी काढून घ्यावी लागेल, मिरजेला न्यायला हवा. मामीची खूण तेव्हाची आहे.” मग स्वतःच हसून म्हणाला, “माझा ठिपकापण घरच्या छोट्या ॲम्पवरचा आहे. मांडवात पन्नास फुटी केबल देतात, तिथे वरचा आवाज आधीच मेलेला असतो. तिथे मी ठिपक्यापासून सुरुवात करतो आणि मग ऐकतो.”

तानपुरा अजून मिरजेला गेलेला नाही. दिवाळीनंतर नेऊ म्हणतोय. रेघा पुसायच्या की ठेवायच्या हे कारागिराला आधीच सांगून ठेवावं लागेल.

भाचा इथे मागच्या रांगेत बसलाय, आणि बास घेऊन आलाय. मी त्याची माफी घरी मागितली आहे, पण हसलो होतो चारचौघांत, तेव्हा चारचौघांतही मागतो. आता तो पुढे येईल आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवेल. मध्येच तो दुसरा नॉब हलवेल, किंवा हलवणार नाही. आपण सगळ्यांनी डोळे मिटायचे आहेत. बदल ऐकू आला असं वाटलं की हात वर करा. शेजाऱ्याचा हात बघायचा नाही. आणि कुणीतरी पंखे बंद करा.

(यानंतर सुमारे वीस मिनिटं प्रात्यक्षिक आणि प्रश्नोत्तरं झाली.)